मशीनला चादरीचा आहेर

सोलापूरच्या माणसाला उघडी वस्तू बघवत नाही. घरात रेडिओ आला, की दुसऱ्या दिवशी त्याला झालरीचं कापड. शिलाई मशीनला अभ्रा, ट्रंकेला अभ्रा, पाण्याच्या पिंपालासुद्धा जुन्या चादरीचा तुकडा. पाहुणा आला की चादर, साहेबाची बदली झाली की चादर, पोरगं मॅट्रिक झालं की त्याच्या मास्तरला चादर. मे महिन्यात फरशीवर पाणी ओतून त्यावर पालथं पडणारं हे गाव, आणि सत्काराला काढणार काय, तर ही जाडजूड चादर! गावात माग आहेत, कबूल. म्हणून काय सगळ्या जगाला थंडी वाजते?

एवढं तोंड मी आज चालवते. ज्या दिवशी चालवायला हवं होतं, त्या दिवशी मी नेमकी चादरीच्या बाजूनं बोलले. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हाची ही गोष्ट आहे.

शुक्रवार पेठेत आमचं माइक-लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीवर कर्णे टांगलेले, कोपऱ्यात वायरची भेंडोळी आणि मधोमध स्टुलावर अप्पांचा अँप्लिफायर. त्याला सगळे मशीनच म्हणायचे. अप्पा म्हणजे माझे वडील. आम्ही लिंगायत, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि भांडताना दोन्ही. अप्पा चौथी शिकलेले. पण गावात त्यांचं एक नाव होतं: ह्यांचा माइक बंद पडत नाही. बावीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. लग्न ठरलं की लोक तारखेसाठी आधी स्वामींना, म्हणजे लग्न लावणाऱ्या जंगमांना विचारायचे, मग अप्पांना, आणि नवऱ्या मुलाला सगळ्यात शेवटी.

ते जुनं मशीन व्हॉल्व्हचं होतं. काचेच्या नळ्या, त्यांच्या आत बारीक तार. बटण दाबलं की तार हळूहळू लाल व्हायची, तापायची, आणि मग मिनिटाभरानं कर्णा घसा खाकरायचा. वजन असं की उचलायला दोन माणसं लागायची. चालू असताना अप्पा थोड्या थोड्या वेळानं त्याच्या पत्र्याला उलटा हात लावून बघायचे, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. आणि त्यांचा एक नियम होता: मशीनवर काही म्हणून ठेवायचं नाही. हार नाही, नारळ नाही, यजमानाची टोपी नाही. एकदा कुणा व्याह्यानं हौसेनं वर फेटा ठेवला, फेट्याला तांबूस डाग पडला, आणि अप्पांनी उलट त्या व्याह्यालाच भर मांडवात झापलं. "मशीनला श्वास लागतो," असं म्हणायचे. मला हसू यायचं. मी बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलेली मुलगी! मशीनला श्वास म्हणे. किती तो अडाणीपणा.

आता माझं फिजिक्स कसलं होतं तेही ऐका. त्या वर्षी अभ्यासक्रमात सेमीकंडक्टरचा धडा नव्यानं आला होता. आमच्या सरांची वही पिवळी पडलेली, तिच्यात फक्त व्हॉल्व्ह. सर उन्हाळ्यातसुद्धा टेरिलिनचा कोट घालायचे, ते मला फार विद्वत्तेचं लक्षण वाटायचं. कॉलेजकडं ट्रान्झिस्टर होता, एकुलता एक, कपाटात कुलपात. किल्ली क्लार्ककडं, आणि क्लार्क रजेवर. त्यामुळं सरांनी आम्हाला सेमीकंडक्टर दाखवला नाही, लिहून दिला. "टेक डाउन," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत इंग्रजीत सांगायचे आणि आम्ही मान खाली घालून उतरवायचो. धातूतून वीज सहज वाहते, लाकडातून वाहत नाही, आणि जर्मेनियम, सिलिकॉन हे दोन्हींच्या मधले. धातू तापला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो. सेमीकंडक्टर तापला की रेझिस्टन्स उतरतो, करंट वाढतो. टेक डाउन! लहानपणी परवचा पाठ केला तसं मी ते पाठ केलं. चाचणीत नेमका तोच प्रश्न आला, सहा मार्कांना. मला सहापैकी सहा पडले, आणि सरांनी लाल शाईनं बाजूला 'छान' लिहिलं. तो पेपर मी आमच्या अव्वाला, म्हणजे आईला, तीनदा दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं तीनदा नीट बघितला.

बी.एस्सी.चं ते शेवटचं वर्ष. मला पुढं एम.एस्सी.ला पुण्याला जायचं होतं. इतकं जायचं होतं की दुसरं काही डोक्यात शिरत नव्हतं. पण ह्याचा निकाल अप्पांच्या हातात नव्हता, दोड्डप्पांच्या हातात होता. दोड्डप्पा म्हणजे अप्पांचे थोरले भाऊ. सुताचे व्यापारी, घराचे कारभारी आणि पृथ्वीवरच्या सगळ्या विषयांचे जाणकार. त्यांनी माझ्यासाठी अक्कलकोटकडचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. "पोरीच्या जातीला पुणं कशाला? हितं काय कमी हाय?" हे त्यांचं पालुपद. अप्पा त्यांच्यासमोर कधी मान वर करत नसत. तेव्हा मी ठरवलं, की माझ्या शिकण्याचा घराला उपयोग आहे हे दाखवूनच द्यायचं. कसं? तर अप्पांचं मशीन बदलून.

ट्रान्झिस्टरची मशीनं तेव्हा नुकती यायला लागली होती. मी अप्पांच्या मागं भुणभुण लावली. हलकं असतं, एका हातात उचलता येतं. मोटारीच्या बॅटरीवर चालतं, लाइट गेली तरी मंगलाष्टकं चालू. "आणि अप्पा, ह्यात तार तापवायची भानगडच नाही. बटण दाबलं की लगेच आवाज. ट्रान्झिस्टर थंड असतो, थंड!"

"थंड कसा आसंल? काम करतंय म्हनल्यावर अंग तापणारच की."

"ते तुमच्या व्हॉल्व्हचं. हे सेमीकंडक्टर आहे."

हा शब्द मी असा फेकला की अप्पा गप्प झाले. न कळणाऱ्या शब्दापुढं ते गप्प व्हायचे, आणि मला त्याचा फार आनंद व्हायचा. मेली माझी अक्कल! शेवटी त्यांनी जुनं मशीन माढ्याच्या एका माइकवाल्याला देऊन टाकलं आणि पुण्याहून ट्रान्झिस्टरचं आणलं. जुनं मशीन टांग्यात चढवताना त्यांनी त्याच्या पत्र्याला शेवटचा उलटा हात लावला. बंद मशीनला काय ताप असणार? पण लावला.

दोड्डप्पा नवीन मशीन बघायला आले आणि मिशीतल्या मिशीत हसले. "डबा आणलायस व्हय रे?" असं अप्पांना म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "असं करू. ह्या डब्यावर पयलं लगीन नीट पार पडू दे. पडलं तर तुजं शिक्षण खरं, जा पुण्याला. न्हाई पडलं तर अक्कलकोट. मग रडायचं न्हाई."

अप्पा काहीतरी बोलणार होते. त्याआधी मीच "चालेल" म्हणून मोकळी झाले. सहापैकी सहावाली मी, मला भीती कसली?

पहिलं लग्न आमच्याच पेठेतलं निघालं. यजमान चादरींचे कारखानदार. दोड्डप्पा त्यांना सूत पुरवायचे, म्हणून दोड्डप्पा पहिल्या रांगेत. मे महिना आणि मुहूर्त दुपारचा. अक्कल नावाची गोष्ट पंचांगात नसते. गल्लीत कापडी मांडव घातलेला. माणसं एवढी लोटली की निम्मी बाहेर कडुनिंबाखाली उभी, आणि अक्षता कधी टाकायच्या ते त्यांना झाडावरच्या कर्ण्यातूनच कळणार. ऊन असं, की मांडवातसुद्धा लोखंडी खुर्चीवर बसलेला माणूस एकदा उठायचा आणि मग बेतानं बसायचा.

अप्पांनी बॅटरी जोडली. मी शेजारीच उभी होते. लाल वायर पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला. त्यांनी दोन्ही टोकं ओढून बघितली, बटण दाबलं, आणि त्याच क्षणी सनईची रेकॉर्ड सुरू झाली. मिनिटभर थांबायची सवय असलेली माणसं दचकली. "यव्वा, काय हाय की हे!" असं एक म्हातारी म्हणाली. मी फुगले. नवरदेवाकडची चार शिकलेली पोरं मशीन बघायला आली, त्यांना मी उभ्या उभ्या सेमीकंडक्टरवर लेक्चर दिलं. सरांच्या वहीतलं, शब्दाला शब्द, इंग्रजीत. मध्येमध्ये मी दोड्डप्पांकडं बघून घेत होते. त्यांना ऐकू जावं एवढ्या आवाजात बोलत होते.

तेवढ्यात यजमान आले, त्यांच्या मागं ताट घेतलेल्या दोन बायका. "नवं मशीन पयल्यांदा आमच्या दारात बोलतंय. त्याचा मान नको व्हय करायला?" असं म्हणून त्यांनी मशीनच्या कपाळावर, म्हणजे आवाजाच्या बटणांच्या वर, विभूतीचे तीन पट्टे ओढले. इथपर्यंत ठीक होतं. मग त्यांनी घडी उलगडली. त्यांच्याच मागावरची चादर, दुहेरी विणीची, मोरांची, नवीकोरी. ती त्यांनी मशीनवर पांघरली. वरून, मागून, दोन्ही अंगांनी. पुढची बटणं तेवढी उघडी ठेवली, पदरातून नाक दिसावं तशी.

अप्पांचा हात पुढं झाला. "मालक, मान डोक्यावर. पन मशीनवर काय घालत न्हाईत."

यजमानांचा चेहरा उतरला. भर मांडवात आहेर परत करणं म्हणजे काय, ते सोलापुरात समजावून सांगावं लागत नाही. "घे की बे! एवढ्या मानानं देतेत तर!" दोड्डप्पा खुर्चीतून ओरडले.

अप्पांनी तरी चादरीचं टोक धरलंच होतं. त्यांनी ती काढलीच असती. थोरल्या भावाचा शब्द त्यांनी त्या दिवशी मशीनसाठी मोडला असता, ह्याची मला खात्री आहे. आणि मी, कुणी विचारलं नसताना, म्हणाले, "अप्पा, राहू द्या. ते तुमचं व्हॉल्व्हचं होतं. हे तापत नाही."

चार शिकलेली पोरं ऐकत होती. अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग टोक सोडलं.

पाऊण तास सनई वाजली. मग स्वामी माइकसमोर आले आणि मंगलाष्टकं सुरू झाली. पहिलं झकास गेलं. दुसऱ्यात स्वामींचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा यायला लागला. तिसऱ्याला खरखर. लोकांना वाटलं, स्वामींचा घसा बसला. एकानं उठून त्यांना पाणीसुद्धा दिलं. अप्पा मशीनकडं सरकले. तोवर शेवटचं आलं होतं. "शुभमंगल सा" एवढंच बाहेर पडलं, कर्णा लांब गुरगुरला आणि मुका झाला.

आता बाहेरच्यांनी काय करायचं? निम्म्यांनी 'सा'वरच अक्षता उधळल्या. निम्मे मुठी आवळून 'वधान'ची वाट बघत राहिले. अक्षता पडलेल्या बघून वाजंत्रीवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली, ते ऐकून स्वामी बोलायचे थांबले, आणि नवरा-नवरी हार हातात धरून एकमेकांकडं बघत उभी. नवरदेवाचे मामा तिरमिरीत उठले. "अवो, लगीन लागलं का न्हाई लागलं, ते तरी सांगा कुनीतरी!" कुणालाच सांगता येईना. स्वामींना शेवटचं मंगलाष्टक घसा ताणून पुन्हा म्हणावं लागलं, आणि तेव्हा कडुनिंबाखालच्या निम्म्या लोकांच्या हातात टाकायला तांदूळच नव्हते. बायका अपशकुन, अपशकुन असं कुजबुजायला लागल्या.

अप्पांनी चादर ओढून काढली. मशीन सोडवायला मागची, ट्रान्झिस्टर बसवलेली धातूची पट्टी धरली, आणि "स्स" करून हात मागं घेतला. तळव्याला टरारून फोड आला. थंड मशीन!

दोड्डप्पा उभे राहिले. "काय झालं? पोरीच्या मशीनला काय झालं?"

'पोरीच्या' म्हणाले. गेलं पुणं. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं, की चादर काढू नका असं मी सांगितलं. ते वाक्य जिभेवर होतं, आणि त्याच्या पलीकडं अक्कलकोट दिसत होतं.

अप्पा पुढं आले. भाजलेला हात पाठीमागं लपवलेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी थोरल्या भावाच्या डोळ्याला डोळा दिला. "मशीनला काय झालं न्हाई. पोरगी सांगती ते खरं हाय. चूक माजी झाली. घाईत वायर उलटी जोडली मी."

"बावीस वर्सं वायर जोडतोयस, आन आज उलटी?"

"झाली की. मानूस हाय मी."

मग ते यजमानांच्या पाया पडले. नवरदेवाच्या मामांच्याही पडले, मामा वयानं लहान होते तरी.

वायर उलटी असती तर मशीन बटण दाबताच मेलं असतं. पाऊण तास सनई वाजली, मंगलाष्टकं झाली, ती काय उलट्या वायरीवर? एवढी साधी शंका काढणारा त्या मांडवात एक माणूस नव्हता. शिकलेली चार पोरं होती, ती पंगतीत जागा धरायला पळाली होती. जिला माहीत होतं, ती मिठाची गुळणी धरून उभी होती.

संध्याकाळी अप्पा दुकानात मशीन उघडून बसले. तळव्याला अव्वानं तूप लावलेलं, त्यामुळं पेचकस डाव्या हातात. "आता सांग काय झालं ते. इंग्रजी नको."

इंग्रजी नको म्हटल्यावर माझ्याजवळ काही उरेचना. सगळी वही इंग्रजीत! मग दुपारची पंगत आठवली.

"अप्पा, पंगतीत माणसं खेटून बसलीत, एकही पाट रिकामा नाही. कुणाला हलता येईल?"

"न्हाई."

"जर्मेनियमचा तुकडा गार असला की तसा असतो. प्रत्येक अणूचे बाहेरचे चार इलेक्ट्रॉन चार शेजाऱ्यांत गुंतलेले. मोकळा कुणी नाही, म्हणून वीज पुढं जात नाही. आता उकाड्यानं एकजण उठला. तो मोकळा झाला, वाटेल तिकडं फिरेल. आणि त्याचा पाट रिकामा झाला. शेजारचा सरकून त्या पाटावर बसला की ह्याचा पाट रिकामा. मग पलीकडचा सरकला. माणसं इकडं सरकतात, रिकामा पाट तिकडं सरकत जातो. मोकळी माणसं आणि रिकामे पाट, दोघं मिळून वीज नेतात."

अप्पांनी पेचकस खाली ठेवला. "आन मुद्दाम एखादा पाट रिकामा ठिवला तर?"

वर्षभरात हा प्रश्न आमच्या वर्गात कुणी विचारला नव्हता. मी तर नाहीच. "तेच करतात, अप्पा. जर्मेनियममध्ये दुसऱ्या पदार्थाची चिमूट टाकतात. एका जातीची टाकली तर माणसं पाटांपेक्षा जास्त होतात, जादाची फिरत राहतात. दुसऱ्या जातीची टाकली तर पाट रिकामे राहतात. असे तीन थर जोडले की ट्रान्झिस्टर झाला. मधल्या थराला माइकनं जरासं ढोसायचं, की दोन कडांच्या मधून मोठा लोंढा सुटतो. तोच कर्ण्यात ऐकू येतो."

"आन तापलं तर?"

"तापलं की आणखी माणसं उठतात. करंट वाढतो. करंट वाढला की आणखी तापतं, तापलं की आणखी उठतात. तांब्याची तार तापली की वीज कमी जाऊ देते, आपलं आपण आवरतं घेते. ह्याला आवरता येत नाही. मागच्या पट्टीला वारा लागला तर ऊब निघून जाते. आज सगळी पंगतच उठली, अप्पा. चादरीखाली."

"म्हंजी ह्यालाबी श्वास लागतो."

"व्हय."

"तुज्या पुस्तकात होतं हे?"

"होतं."

"पेपरात आलतं?"

"आलं होतं."

"किती मार्क पडले?"

"सहापैकी सहा."

अप्पा हसायला लागले. असे हसले की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि अव्वा पोळपाट सोडून बाहेर आली. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "ज्यानं मार्क दिले, त्येलाबी बोलवायला पायजे होतं लग्नाला," असं म्हणून पुन्हा हसले.

मी म्हणाले, "उद्या दोड्डप्पांना मी खरं सांगते."

"गप बस. तोंड उघडलंस तर बघ. माजी बावीस वर्सं हायत, त्यातलं एक लगीन गेलं तर काय हुतंय? तुजं अजून एकबी न्हाई."

मी गप्प बसले. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

पुढच्या आठवड्यात अप्पांनी नवा ट्रान्झिस्टर मागवला. अव्वाची अॅल्युमिनियमची मोठी परात पत्रा कापायच्या कात्रीनं कापली, मधे वीज अडवायला जुन्या इस्त्रीतला अभ्रकाचा पापुद्रा घातला आणि ट्रान्झिस्टर त्यावर घट्ट आवळला. परात मशीनच्या पाठीवर उघडी, वारा खात. ऊब त्या परातीत पसरून जायची. अव्वा परातीसाठी चार दिवस बोलली नाही. ते मशीन त्यानंतर एकदाही बंद पडलं नाही. हा उपाय आमच्या सरांच्या वहीत नव्हता.

दोड्डप्पांनी कुरकुरत का होईना, शब्द पाळला. मशीनचा दोष नव्हता ना! मी पुण्याला गेले.

पण बावीस वर्षांना ते एक लगीन पेललं नाही. सुट्टीत घरी आले की ऐकू यायचं. मोठी लग्नं दुसऱ्या माइकवाल्याकडं जायला लागली होती. जिथं अप्पा जायचे, तिथं कुणीतरी हटकून म्हणायचं, "मालक, वायर बघून जोडा हां!" आणि हशा. बारकी पोरंसुद्धा म्हणायची. त्या नवरा-नवरीचं दुसऱ्या दिवाळीला भांडण झालं, त्यातही लोकांनी अप्पांची वायर काढली. अप्पा हसून "बघितली, बघितली" म्हणायचे आणि माझ्याकडं बघायचंच टाळायचे. आणि मी, पुण्याला शिकणारी विदुषी, कर्ण्याची वायर गुंडाळत उभी.

पुढं तीस वर्षं मी कॉलेजात हाच विषय शिकवला. अप्पांचा तो जळका ट्रान्झिस्टर दरवर्षी वर्गात फिरवायचे आणि चादरीची गोष्ट सांगायचे. 'एका लग्नात कुणीतरी चादर घातली आणि कुणीतरी राहू द्या म्हणालं.' पोरं खो खो हसायची. तो कुणीतरी कोण, हे कधी सांगितलं नाही. दोड्डप्पा वारले, पुणं होऊन गेलं, नोकरी कायम झाली. गप्प बसायला कारण उरलं नव्हतं, तरी बसले. लोक मला कॉलेजातल्या बाई म्हणून मान द्यायचे आणि तो मला आवडायचा, एवढंच.

अप्पा गेले तेव्हा ते यजमान काठी टेकत आले. हातात अर्थातच चादर. अप्पांच्या फोटोखाली ती ठेवून म्हणाले, "देवमानूस हुता. सबंद आयुष्यात एकदाच चुकला, ते बी आमच्याच दारात." खोली माणसांनी भरलेली होती. अव्वा माझ्याकडं बघत होती. तिला सगळं माहीत होतं, परात तिचीच गेली होती. मी यजमानांना म्हटलं, "व्हय, एकदाच."

यजमान आता नाहीत. अव्वाही नाही. ज्यांना सांगायचं होतं त्यातलं कुणीच नाही, म्हणून ज्यांना काही देणंघेणं नाही त्यांना सांगते आहे. लाल वायर पॉझिटिव्हला होती, काळी निगेटिव्हला. मी शेजारी उभी होते. अप्पांनी वायर बरोबर जोडली होती.